चित्र जतन होत नाही तेव्हा

पेढीवरील कामाचे स्वरूप आता पालटले आहे. दागिन्यांची वा साड्यांची छायाचित्रे संगणकावर उजळ करणे, त्यांवर क्रमांक व भाव घालणे, सणापूर्वी गिऱ्हाइकांस पाठवायचे सूचिपत्र सिद्ध करणे, ही कामे घरातील तरुण मंडळीच करतात. अशा वेळी तासन्‌तास खपून तयार केलेले चित्र जतन करताना पडद्यावर नकाराची चौकट उमटते. मन घाबरते आणि घाईघाईने प्रोग्राम बंद केला जातो. खरे नुकसान होते ते याच क्षणी. चौकट उमटली तरी चित्र संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत बहुधा शाबूत असते. प्रोग्राम बंद होताच ते नाहीसे होते. म्हणून पहिला नियम असा की, प्रोग्राम उघडाच ठेवावा, चौकटीतील मजकूर शांतपणे वाचावा आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. मग नाव, स्थान, स्वरूप आणि जागा या चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

प्रथम नाव. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारकाचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह इत्यादी चिन्हे चालत नाहीत. आपला हात मात्र १५/१०/२०२५ अशी तारीख लिहिण्यास सरावलेला असतो. त्याऐवजी २०२५-१०-१५ असे लिहावे. फाइली कालक्रमानेही लागतात. फोल्डरच्या पोटात फोल्डर करीत गेल्यास संपूर्ण मार्गाचे नाव लांबते आणि सुमारे २६० अक्षरांपुढे अनेक प्रोग्राम अडतात.

दुसरे स्थान. तेच चित्र नव्या नावाने डेस्कटॉपवर जतन करून पाहावे. तेथे झाले, तर दोष चित्रात नसून मूळ जागेत किंवा मूळ फाइलीत आहे, हे उघड होते. मूळ फाइल दुसऱ्या प्रोग्रामात उघडी असेल, ती केवळ वाचनासाठी राखलेली असेल, अथवा त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नसेल. २०१७ पासून विंडोज १० मध्ये फोल्डरांना संरक्षण देणारी एक सोय आहे. ती चालू असल्यास अनोळखी प्रोग्रामांना चित्रांच्या फोल्डरात लिहिता येत नाही.

तिसरे स्वरूप. गिंप या विनामूल्य प्रोग्रामात २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून ‘सेव्ह’ केल्यास केवळ एक्ससीएफ हे त्याचे स्वतःचे स्वरूप मिळते. जेपेग वा पीएनजी हवे असल्यास ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. फोटोशॉपमध्येही २०२१ पासून अनेक थरांच्या चित्राची जेपेग प्रत ‘सेव्ह अ कॉपी’ या पर्यायाने काढावी लागते. छापखान्यासाठी सीएमवायके रंगपद्धतीत केलेले चित्र पीएनजी म्हणून जतन होत नाही, कारण त्या स्वरूपात ती पद्धतच नाही. जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही आणि त्याची कोणतीही बाजू ६५,५३५ पिक्सेलांहून मोठी असू शकत नाही. फाइलीच्या नावाचा शेवट बदलल्याने स्वरूप बदलते, हा मात्र निव्वळ गैरसमज होय.

चौथी जागा. डिस्क भरली असेल, तर फोटोशॉप ‘स्क्रॅच डिस्क’ भरल्याची सूचना देते. तेव्हा प्रोग्राम तसाच उघडा ठेवून अनावश्यक फाइली हटवाव्यात. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल, जागा मोकळी असूनही, मावत नाही.

चित्र एकदा जतन झाले की ते पुन्हा उघडून पाहावे. जेपेग प्रत दरवेळी नव्याने जतन करताना थोडाथोडा तपशील गमावते. म्हणून थरांसह असलेले मूळ चित्र वेगळे राखावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. काम आरंभतानाच फाइलीस नाव देऊन ती एकदा जतन करण्याची सवय लावून घेतली, तर यांतील बहुतेक अडचणी श्रम वाया जाण्यापूर्वीच ध्यानात येतात.