स्लो-पिच सॉफ्टबॉल खेळायला येताय?

न्यू जर्सीतल्या आमच्या लीगमध्ये क्रिकेट खेळलेली मराठी मंडळी येतात. परवा एकाने विचारलं, "एवढा हळू चेंडू, त्यात अवघड काय?"

अवघड आहे ती कमान! यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमानुसार चेंडू अंडरआर्म टाकायचा, जमिनीपासून किमान 6 आणि जास्तीत जास्त 10 फूट उंच. तो वरून खाली येईपर्यंत धीर धरवत नाही, बॅट आधीच फिरते आणि सोपा झेल उडतो.

बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच ढकलणं, चालत नाही. दोन स्ट्राइकनंतर फाउल गेला की बाद! क्षेत्ररक्षक 10.

मला सगळ्यात आवडतो पहिल्या बेसवरचा डबल बेस. फटका मारून धावणाऱ्याने नारिंगी भागावर पाय टाकायचा, फील्डरने पांढऱ्या. टक्कर टळते, घोटे शाबूत राहतात. प्रत्येक लीगने तो वापरायलाच हवा.