दुधाचे दात पडणारच, म्हणून दुर्लक्ष नको

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, कंदर-केत्तूरकडच्या गावांत मी दातांची डॉक्टर म्हणून फिरते. मुलाचे दात वाकडे का, असं विचारलं की "आजोबांचाच जबडा आलाय," असं आया सांगतात. खरंय, जबड्याची ठेवण बऱ्याचदा वारशानं येते. पण सगळा दोष रक्ताचा नाही. ऊस, बिस्किटं खाऊन चूळही न भरल्यानं दुधाची दाढ किडते, वेळेआधी काढावी लागते. मग सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा अडते. तो वाकडा उगवतो. अंगठा चोखत राहिल्यानं वरचे दात पुढे येतात. नाक चोंदून सतत तोंडानं श्वास घेणाऱ्या मुलाचा वरचा जबडा अरुंद राहू शकतो. म्हणून मूल सात वर्षांचं झालं की एकदा दाखवाच. जबडा वाढत असतानाच त्याला वळण देणं सोपं जातं.