जुन्या डिझेल मोटारीचा दांतेरी पट्टा

कळंब्यांतील ज्या शेतकरी बंधूंच्या दारीं अद्याप जुनी डिझेल इंडिका उभी आहे, त्यांनीं तिच्या टायमिंग बेल्टाकडे लक्ष पुरवावें, अशी आमची विनंति आहे. १९९८ सालीं टाटांनीं आणलेल्या या मोटारीचें उत्पादन २०१८ सालीं थांबलें. तेव्हां शेवटची गाडीही आतां वयस्क झाली.

हा दांतेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्टाच्या दोन फेऱ्यांस कॅमशाफ्टाची एक, असा मेळ राखतो. तो तुटला कीं पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतात, आणि खर्च पट्ट्याचा न राहतां इंजिनाचा होतो. ‘गाडी फिरलीच कोठें?’ हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. गोठ्याशेजारीं उभ्या गाडीचेंही रबर वर्षांगणिक कडक होऊन चिरतें. म्हणून पुस्तिकेंतील किलोमीटर व वर्षें यांपैकीं जी मुदत आधीं भरेल ती धरावी.

पट्ट्यासोबत टेन्शनर व रोलरही नवे घालावे. जुनें बेअरिंग अडकल्यास नवा पट्टाही जातो. ऑईल सील पाझरत असल्यास तेंही बदलावें, कारण तेलानें रबर कुजतें. खुणा जुळल्यावर मिस्त्रीकडून इंजिन पान्यानें दोन पूर्ण फेरे फिरवून त्या पुन्हां तपासून घ्याव्या. मगच चावी लावावी. काम गळीत हंगामापूर्वीं उरकावें, आणि (आमची हयात नोंदवह्यांत गेली, म्हणून सांगतों) तारीख व किलोमीटर बॉनेटच्या आंतील बाजूस रंगानें लिहून ठेवावे.