लॅपटॉपच्या पोटातलं जातं

दोस्तांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा जुना लॅपटॉप असेल. आधी ताईने वापरला, मग दादाने, आणि आता तो तुमच्या वाट्याला आला. एके दिवशी तुम्ही तो सुरू करता, तर पाच-पाच मिनिटं नुसतं चाक फिरत राहतं. फोटोंचं फोल्डर उघडायला जावं, तर सगळं जागच्या जागी थिजतं. काल जपून ठेवलेली फाईल आज उघडायलाच तयार नाही!

आता समजा, त्याच लॅपटॉपमध्ये आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ताईने सुट्टीत रेकॉर्ड केलेल्या. आजी आता नाही, आणि त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रतही कुठे नाही. मग काय कराल? घाबरू नका, पण घाईही करू नका. आधी हा आजार नेमका कुठे होतो, ते बघू या.

जुन्या लॅपटॉपमध्ये सगळी माहिती हार्ड डिस्कवर असते. ही डिस्क म्हणजे एक छोटंसं जातंच म्हणा ना! आत गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय थर असतो. पण वेग केवढा? लॅपटॉपमधल्या बऱ्याचशा डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला ९०! तबकडीवर एक बारीकसं 'हेड' पुढेमागे सरकत माहिती वाचतं आणि लिहितं. गंमत म्हणजे ते तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. दोघांमधलं अंतर असतं अवघे काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा! चालू लॅपटॉपला जोराचा धक्का बसला आणि हेड तबकडीला घासलं, तर चरा पडतो. मग तिथली माहिती गेलीच म्हणून समजा.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या धुडात मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तेवढी जागा खातो!

आता आपल्या रोग्याकडे वळू. डॉक्टर आधी तपासतात आणि मग औषध देतात, हो ना? इथे मात्र उलटं आहे. आधी प्रत, मग परीक्षा! कारण मरायला टेकलेल्या डिस्कला प्रत्येक तपासणीचा ताण पडतो. तेव्हा लॅपटॉप निदान सुरू होतोय, तोवर बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडा आणि ज्याला दुसरी प्रत नाही ते सगळ्यात आधी उतरवून घ्या. म्हणजे आधी आजीच्या ओव्या, मग फोटो, मग शाळेचे प्रकल्प. सिनेमे आणि गेम शेवटी. ते काय, पुन्हा मिळतील.

पण कान देऊन ऐका. आतून ठरावीक अंतराने 'कट्... कट्... कट्' असा आवाज येतोय का? पंख्याची घरघर सलग असते, हा आवाज तसा नसतो. हेडला आपली जागा सापडत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा परत फिरतं, त्याचा तो आवाज. असं असेल, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा. 'बघू, आणखी एकदा सुरू होतो का' हा मोह टाळा. प्रत्येक वेळी नवा चरा पडू शकतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्क्रू काढून ती स्वतः उघडूही नका, कारण धुळीचा एक कणही आत घात करतो. माहिती मोलाची असेल, तर डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच जा. हे काम खर्चिक असतं, आणि यश येईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

प्रत हाती आली? छान! आता परीक्षा. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही स्वतःच लिहिते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅमने ती वाचता येते. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' आणि 'पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी शोधा. पहिली ओळ सांगते, किती खराब जागा सोडून राखीव जागा वापरावी लागली. दुसरी सांगते, किती जागा नीट वाचता येत नाहीत. हे आकडे वाढत असतील, तर डिस्क बदलायची वेळ आली. आकडे ठीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका हं! गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी 'स्मार्ट'च्या मुख्य खुणांमधून आधी काहीच इशारा दिला नव्हता.

आता बदलायचं काम. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची 'साटा' डिस्क असते. तिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते, ती खरेदीपूर्वी मोजा. त्याच मापाची एसएसडी मिळते. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे लॅपटॉप पुष्कळ चपळ होतो.

लॅपटॉप बंद करून चार्जर काढा. बॅटरी निघत असेल, तर तीही काढा. मग सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून रंग नसलेल्या धातूच्या वस्तूला हात लावा. खालचे स्क्रू काढाल, तेव्हा कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवा. लांबी कमी-जास्त असते बरं का! डिस्क जोडणीपासून सरळ मागे सरकवा, वर ओढू नका. तिची चौकट नव्या डिस्कला लावा आणि तशीच अलगद आत सरकवा. मग पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स घाला आणि जपलेली माहिती परत उतरवा.

जुनी डिस्क कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. पण तिच्यावर तुमची खासगी माहिती असते, तेव्हा ती आधी पुसून घ्या.

आणि एक सोपा नियम लक्षात ठेवा: तीन-दोन-एक. मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे मामाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात.

नवी डिस्क दुकानात मिळते. आजीचा आवाज कुठून आणणार? तेव्हा आज संध्याकाळी अभ्यास झाला की एवढंच करा. घरातली अशी एक गोष्ट शोधा, जिची दुसरी प्रत नाही, आणि झोपायच्या आत ती करून ठेवा!