रेसिंग कारची पुढची चाके: हिशेब कुठे चुकतो

पाचाडहून कोंझरच्या घाटाने महाडला उतरणारी साधी मोटार आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेत पळणारी विद्यार्थ्यांनी बांधलेली रेसिंग कार, दोघींच्याही पुढच्या चाकांचे काम एकच: गाडी वळवायची आणि वळताना टायर रस्त्याला पुरता टेकलेला ठेवायचा. मात्र घाटातल्या गाडीला खड्डे सोसायचे असतात, पावसाने खचलेली साइडपट्टी सोसायची असते, डिकीतले सामान आणि मागच्या सीटवरची माणसे वाहायची असतात. त्यासाठी तिच्या चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा ठेवलेली असते आणि वळणावरची थोडी पकड कंपनीने जाणूनबुजून सोडलेली असते. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचा नियम चाकाची हालचाल किमान 50 मिलिमीटर एवढीच मागतो. सपाट डांबर, एकटा चालक, ठरलेली वळणे, एवढ्यासाठीच ही गाडी बांधायची असते. म्हणून तिचे पुढचे सस्पेन्शन बाजारातून उचलून चालत नाही, नव्याने आखावे लागते. मुंबईची ओरायन रेसिंग, पवईच्या आयआयटीचा संघ, पुण्याच्या सीओईपीची मुले हे काम अनेक वर्षे करत आली आहेत. आपल्या जवळ, महाडच्या अलीकडे लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातही यंत्र अभियांत्रिकी शिकवली जाते. तिथल्या मुलांना या कामात उतरायचे असेल, तर कष्ट नेमके कुठे घालायचे हे आधी कळायला हवे. माझे म्हणणे असे, की संगणकावर दशांश घासण्यात जो वेळ जातो, त्यातला निम्मा वेळ ब्रॅकेट, जॉइंट आणि मोजमाप यांना दिला तर गाडी जास्त चांगली वळेल.

आधी आखणी काय असते ते पाहू. अशा गाडीत प्रत्येक पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी आर्म असतात. त्यांची आतली टोके चॅसीला आणि बाहेरची टोके बॉल जॉइंटने नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, जोडलेली असतात. गाडी वळते तेव्हा चॅसी बाहेरच्या बाजूला कलते. दोन्ही आर्म सारख्या लांबीचे आणि समांतर असले, तर चाकही चॅसीबरोबर तेवढेच कलते आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. म्हणून वरचा आर्म आखूड करून दोन्ही थोडे तिरके लावतात. मग चाक वर जाताना त्याचा माथा आत झुकतो. किती झुकतो, हे दोन्ही आर्मच्या रेषा वाढवल्यावर जिथे मिळतात त्या काल्पनिक बिंदूवरून ठरते. समजा, पुढच्या दोन चाकांमधले अंतर 1200 मिलिमीटर आहे आणि वळणावर गाडी 1.5 अंश कलली. बाहेरचे चाक चॅसीच्या मानाने सुमारे 16 मिलिमीटर वर जाईल. तो बिंदू चाकापासून 600 मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर गाडीच्या मध्यरेषेवर ठेवला, तर कललेला दीड अंश पुरता भरून निघतो. कागदावर हे फार सुंदर दिसते. पण त्याच गाडीने जोरात ब्रेक मारला आणि नाक 20 मिलिमीटर खाली आले, की दोन्ही चाके जवळजवळ 1.9 अंश आत झुकतात. टायर सपाट टेकायला हवा नेमका त्याच वेळी तो आतल्या कडेवर जातो. बिंदू 1200 मिलिमीटरवर नेला तर ब्रेकच्या वेळचे झुकणे एका अंशाच्या आत राहते, पण वळणावर निम्मीच भरपाई मिळते. उरलेली भरपाई चाक मुळातच थोडे आत झुकवून, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत 'कॅम्बर' देऊन करावी लागते. इथे बिनचूक उत्तर नाहीच. कोणती चूक किती पत्करायची, एवढेच ठरवता येते, आणि तोच डिझायनरचा खरा निर्णय असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: स्प्रिंग कडक केली की चाक हलतच नाही, मग भूमितीची एवढी चिंता कशाला? चाक वरखाली हलले नाही तरी ते वळते, आणि वळताना त्याचा कॅम्बर बदलतो, हे या आक्षेपात विसरले जाते. स्पर्धेच्या ट्रॅकवर किमान 9 मीटर बाह्य व्यासाची तीव्र वळणे असू शकतात. साधारण दीड मीटरच्या व्हीलबेसच्या गाडीला तिथे चाके वीस-बावीस अंश वळवावी लागतात. नकल ज्या रेषेभोवती फिरतो ती बाजूने पाहता 5 अंश मागे झुकलेली असेल, म्हणजे कॅस्टर 5 अंश असेल, तर बाहेरचे चाक तेवढ्या वळणावर आपोआप 1.8 अंशांच्या आसपास आत झुकते. ही मदत ब्रेकच्या वेळी आड येत नाही. तीच रेषा समोरून पाहता आत झुकलेली असते; तो झुकाव मात्र उलटे काम करतो, 12 अंश असेल तर त्या वळणावर जवळपास एक अंश कॅम्बर खाऊन टाकतो. जुन्या छोट्या कारचा नकल उचलून रेसिंग कारला लावला की पैसे वाचतात, पण असा नकल बहुधा वरचा आर्म नसलेल्या स्ट्रटच्या सस्पेन्शनसाठी बनलेला असतो आणि हा झुकाव त्याच्याबरोबर फुकटात येतो. शिवाय लहान रिम लावली की फिरण्याची रेषा जमिनीला टायरच्या मध्यापासून बरीच आत टेकते, आणि ब्रेक मारताना स्टेअरिंग हाताला झटके देते. नवशिक्या संघाने पहिल्या वर्षी तो वापरावा, माझी हरकत नाही; मात्र मग कॅस्टर वाढवून घ्यावा.

दुसरा आक्षेप फॉर्म्युला वनचे फोटो दाखवून येतो: आपणही तशीच आखणी का करू नये? त्या गाड्यांचे पुढचे आर्म उंच आणि सपाट दिसतात ते बरेचसे हवेच्या प्रवाहासाठी. ज्या गाडीला हवाच प्रचंड जोराने खाली दाबते, तिचे आर्म हवेच्या सोयीने ठेवणे शहाणपणाचे आहे. विद्यार्थ्यांची गाडी बहुतांश वेळ ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास वळत असते. तिने ती आखणी उचलण्यात अर्थ नाही.

आता माझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. चाकाला दिशा देणारा टाय रॉड हा या आखणीतला सर्वांत नाजूक भाग. चाक वर गेले की त्याचे बाहेरचे टोक आर्मच्याच चालीने गेले पाहिजे. नाहीतर स्टेअरिंग न हलवता चाक वळते. समजा टाय रॉड 350 मिलिमीटरचा आहे आणि त्याला ढकलणारा स्टेअरिंगचा रॅक 5 मिलिमीटर वर बसला. चाक 25 मिलिमीटर उचलले की बाहेरचे टोक साधारण 0.36 मिलिमीटर सरकते. नकलवरचा स्टेअरिंग आर्म 70 मिलिमीटरचा असेल, तर चाक सुमारे 0.3 अंश वळले. आकडा क्षुल्लक वाटेल, पण चाके मुद्दाम किंचित आत किंवा बाहेर वळवून ठेवतात, म्हणजे टो-इन, टो-आउट लावतात, तोही एवढाच असतो. आणि रॅक 5 मिलिमीटर वर बसायला मोठी चूक लागत नाही. जिगमध्ये न पकडता ब्रॅकेटला टॅक मारला, मग पूर्ण वेल्डिंग करताना उष्णतेने पाइप ओढला गेला, की झाले. ढिलाईचा हिशेब तर याहून कडक आहे. टाय रॉडच्या टोकाच्या जॉइंटमध्ये, रॉड एंडमध्ये, फक्त 0.3 मिलिमीटर खेळ असला तरी टो पाव अंशाने डोलतो, म्हणजे रॅक चुकीचा बसल्याने होते जवळपास तेवढेच नुकसान एका स्वस्त जॉइंटने होते. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमध्ये 200 मिलिमीटर अंतर असेल आणि कुठे एक मिलिमीटर दबले, तर कॅम्बर 0.3 अंशाने गेला. संगणकावर कॅम्बरची रेषा शतांश अंशापर्यंत सरळ करणाऱ्या संघाची गाडी ट्रॅकवर नीट वळत नाही, ते बहुधा यामुळेच. म्हणून रिममध्ये मावतील तेवढे दोन बॉल जॉइंट एकमेकांपासून लांब ठेवणे, आर्मचे टोक चॅसीच्या पाइपच्या जोडावरच आणणे, वरच्या ब्रॅकेटमागे शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालायला जागा सोडणे, या निर्णयांना मी दशांशांच्या वर ठेवतो.

संगणक निरुपयोगी आहे, असे कोणी यातून समजू नये. दहा वेगवेगळ्या आखण्या एका दुपारी तपासता येतात, हे त्याचे मोठे देणे. टायरचा अभ्यास तर त्याशिवाय अशक्य. अशाच विद्यार्थी स्पर्धेच्या, फॉर्म्युला एसएईच्या, संघांसाठी अमेरिकेत कॅलस्पॅन या संस्थेच्या यंत्रावर टायरच्या चाचण्या होतात आणि त्यांची माहिती सभासद महाविद्यालयांना मिळते. कोणत्या कॅम्बरला टायर जास्त धरतो, हे तिथून घ्यावे आणि मगच आर्म आखावेत. पण संगणकातले बिंदू आणि गाडीवरचे बिंदू एकच आहेत, हे गृहीत धरता येत नाही. स्पर्धेत हजार गुणांपैकी दीडशे गुण डिझाइनचे असतात, आणि परीक्षक सुबक आलेखापेक्षा तो गाडीवर पडताळला का, हे विचारतात.

तेव्हा संघातल्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना एकच विनंती. गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर नेण्याआधी ती सपाट फरशीवर ठेवा, स्प्रिंग काढा, स्टेअरिंग घट्ट बांधा, जॅकने चाक पाच-पाच मिलिमीटर उचलत टो आणि कॅम्बर लिहून काढा, आणि तो कागद संगणकावरच्या आलेखाशेजारी ठेवा. दोन्ही जुळले नाहीत, तर रॅकचा ब्रॅकेट कापून पुन्हा लावायची तयारी ठेवा. त्यासाठी वेळापत्रकात दोन आठवडे आधीच राखून ठेवा.