दंड मोठा, पट्टा लहान : घरच्या घरी रक्तदाब नेमका कसा मोजावा?

डिंगोरे आणि आसपासच्या वस्त्यांतून आता बऱ्याच घरी रक्तदाब मोजण्याचे सेलवर चालणारे यंत्र आले आहे. मुंबईला नोकरीस असलेला मुलगा सुट्टीत येताना ते घेऊन येतो, आईवडिलांना बटण कोणते दाबायचे ते दाखवतो आणि परत जातो. बी.पी. म्हणजे शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा रोग, ही समजूतही मागे पडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे तिघांमागे एकाहून अधिक. तेव्हा घरात यंत्र असणे चांगलेच. परंतु त्यासोबत येणारा कापडी पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा आहे काय, हे फार थोडे लोक पाहतात. या लेखात आम्ही मुख्यतः याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. कारण पट्टा लहान पडला तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो, आणि त्या आकड्यावर वर्षानुवर्षांच्या गोळ्या ठरतात.

पट्टा काय काम करतो?

पट्ट्याच्या आत एक रबरी पिशवी असते. तिच्यात हवा भरली की दंडातील रोहिणी दाबली जाते आणि रक्ताचा प्रवाह क्षणभर थांबतो. हवा हळूहळू सोडताना प्रवाह पुन्हा सुरू होतो. त्या वेळच्या ठोक्यांवरून यंत्र वरचा आणि खालचा असे दोन आकडे ठरवते. पण रोहिणी कातडीलगत नसते, खोल असते. पिशवी दंडाच्या मानाने अरुंद किंवा आखूड असेल तर तिचा दाब खोलवर पुरता पोचत नाही. तेवढीच रोहिणी दाबण्यासाठी जास्त हवा भरावी लागते आणि ही जास्तीची हवा आपल्या नावावर रक्तदाब म्हणून लिहिली जाते.

ही चूक शंभर वर्षांहून जुनी आहे. इटलीतील डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत काढली. त्यांचा पट्टा सायकलच्या ट्यूबसारखा, जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. त्यामुळे आकडे जास्त येतात हे जर्मन डॉक्टर फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ साली दाखवले आणि पट्टा १२ सेंटिमीटरच्या पुढे रुंद केला. आजचा नियम असा : पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के असावी. म्हणजे दंडाचा घेर ३८ सेंटिमीटर असेल तर आतली पिशवी ३० सेंटिमीटर लांब हवी.

फरक किती पडतो?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५ माणसांवर केलेला प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मोठा पट्टा हवा होता त्यांना साधारण मापाचा पट्टा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला. ज्यांना त्याहूनही मोठा हवा होता त्यांचा १९.५ ने जास्त आला. म्हणजे ज्याचा खरा आकडा १३० आहे त्याला १५० दिसू शकतो. अशा माणसाला नको असलेले औषध मिळाले तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. याच्या उलट, सडपातळ दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी येतो आणि खरा आजार लपतो. म्हणून सुनेच्या दंडाला बसणारा पट्टा वाळलेल्या सासूबाईंना चालेलच असे नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोठा दंड म्हणजे केवळ लठ्ठपणा नव्हे. ज्याने ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलल्या, ज्याने मुंबईत माथाडीचे काम केले, त्याचा दंड कष्टाने भरलेला असतो. पट्टा मध्येच फटकन सुटला की चारचौघांत हसे होते, आणि पुष्कळ माणसे, विशेषतः भगिनी, पुन्हा तपासायलाच येत नाहीत. दोष दंडाचा नसून पट्ट्याचा आहे, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

माप कसे घ्यावे?

शिंप्याचा टेप पुरे. खांद्याचे वरचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करावी. हात सैल सोडून त्या जागी घेर मोजावा. टेप आवळू नये. आता यंत्राचा पट्टा पाहावा. त्यावर माप छापलेले असते. पुष्कळ यंत्रांसोबत २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा येतो. घेर ३२ च्या म्हणजे साडेबारा इंचांच्या पुढे असेल तर मोठा पट्टा घ्यावा. तो बहुधा ३२ ते ४२ चा असतो. २२ ते ४२ चेही मिळतात. घेर ४२ च्या पुढे असल्यास आणखी मोठ्या मापाचा मागावा लागतो. पट्टा आपल्या यंत्राच्याच कंपनीचा आणि त्याच नमुन्याला चालणारा असावा, कारण नळीचे टोक आणि आतला हिशेब वेगवेगळा असतो. दुकानदाराकडे जाताना यंत्र बरोबर न्यावे.

काहींचा दंड खांद्याकडे फार रुंद आणि कोपराकडे निमुळता असतो. त्यांना सरळ पट्टा खाली सैल राहतो. अशांसाठी निमुळते पट्टे मिळतात. कोणताच पट्टा बसत नसेल तर मनगटावरचे यंत्र चालते, परंतु ते छातीच्या पातळीवर धरावे लागते आणि त्याचा आकडा डॉक्टरांकडे एकदा ताडून पाहावा लागतो.

मोजण्याची रीत

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी टाळावी. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटे शांत बसावे. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तीच दंड आवळते. म्हणून सैल बाहीचे कपडे घालावेत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीवर. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तरी आकडा सुमारे ८ ने वाढतो. मोजताना बोलू नये.

एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. सर्व आकडे तारखेसह वहीत लिहावेत. पासबुकातील एका नोंदीवरून जसा कोणाचा व्यवहार कळत नाही, तसा एका आकड्यावरून रक्तदाब कळत नाही. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

दोन इशारे. "आपला पट्टा लहान आहे, वीस वजा करू" असे घरचे गणित करू नये; चूक प्रत्येकाची वेगळी असते. आणि हा लेख वाचून कोणीही आपली गोळी बंद करू नये. आधी योग्य पट्ट्याने मोजावे, मग डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे असे काही झाले तर पट्टा शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा.

मंडळाने काय करावे?

प्रत्येक घराला दोन पट्टे घेणे परवडणार नाही. परंतु विहारात एक चांगले यंत्र, लहान, साधारण आणि मोठा असे तीन पट्टे आणि एक टेप ठेवणे मंडळाला अवघड नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी वस्तीतील तीस वर्षांवरील माणसांचे, त्यांची संमती घेऊन, दंड मोजावेत आणि कोणाला कोणता पट्टा लागतो ते प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून द्यावे. आशाताईंनाही त्याचा उपयोग होईल.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, कोणी सांगते म्हणून मानू नका, पारखून घ्या. यंत्राच्या काचेवर उमटलेला आकडा हेही एक सांगणेच आहे. त्याच तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा मानण्यास संघाला शिकवले. आधी दंडाचे माप, मग पट्टा, मग आकडा, एवढा क्रम वस्तीत रुजला तरी आपल्या वडीलधाऱ्यांची मोठी सेवा होईल, असे आम्हांस वाटते.

जय भीम!