मासळीचा ताजेपणा : समज आणि वस्तुस्थिती

मत्स्याहारी समाजात मासळीची पारख पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी आणि बाजारात शिकवली जात आली आहे. कल्ल्यांचा तांबडा रंग, डोळ्यांचा फुगीर तजेला आणि बोटाने दाबल्यावर मांसाने लगेच वर येणे, ह्या ज्या खुणा घरातील वडीलधाऱ्या बायकांनी लेकीसुनांना दाखवल्या, त्या आजच्या शास्त्रालाही सर्वस्वी मान्य आहेत. परंतु ह्या खऱ्या ज्ञानाच्या सावलीत काही चुकीच्या समजुतीही निर्धास्तपणे वाढल्या असून, त्यांपैकी काही प्रकृतीला प्रत्यक्ष अपाय करणाऱ्या असल्यामुळे त्यांची छाननी होणे अगत्याचे आहे.

त्यांतील सर्वांत घातक समजूत अशी की, मासळी थोडी उतरलेली असली तरी चांगली खरपूस तळली किंवा रटरटून शिजवली म्हणजे तिच्यातील दोष नाहीसा होतो. अग्नीने जंतू मरतात हे खरे; पण जंतूंनी आधीच निर्माण करून ठेवलेले विष प्रत्येक वेळी अग्नीने नष्ट होत नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुपा ह्या जातींच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य स्वभावतःच विपुल असते. मासा मेल्यानंतर तो उष्ण हवेत पडून राहिला, तर त्याच्या कल्ल्यांतील व आतड्यांतील काही जीवाणू ह्या द्रव्याचे हिस्टामीनमध्ये रूपांतर करतात. हे हिस्टामीन उकळल्याने जात नाही, तळल्याने जात नाही, गोठवल्याने वा डबाबंद केल्यानेही जात नाही. आणि त्याला स्वतःचा वास नसल्यामुळे नाकाला त्याचा सुगावाही लागत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, चेहरा लालबुंद होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, छातीत धडधडते, आणि क्वचित खातानाच जिभेला मिऱ्यासारखी चरचर जाणवते. आपल्याकडे अशा वेळी ‘पित्त उठले’ किंवा ‘ह्याला बांगडा सोसत नाही’ असे म्हणून दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीच्या माथी मारला जातो. वास्तविक अनेकदा दोष असतो तो होडीवर अथवा धक्क्यावर बर्फाविना गेलेल्या काही तासांचा. हवा वा पाणी अठ्ठावीस अंशांहून अधिक उष्ण असेल, तर अशा जातींचा मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेलाच पाहिजे, असा अमेरिकेच्या अन्नप्रशासनाचा दंडक आहे. आणि कोकण किनाऱ्यावरील हवा वर्षातील बहुतेक महिने भर दुपारी ह्या हद्दीच्या पलीकडेच असते. ज्याला असा त्रास झाला असेल त्याने वैद्याला दाखवावे, आणि कोणता मासा, केव्हा व कोठून घेतला हेही आवर्जून सांगावे.

मासळीची प्रत राखण्याचा सारा मामला मुख्यतः दोनच गोष्टींवर अवलंबून आहे : तपमान आणि काळ. म्हणूनच बर्फाविषयीचे गैरसमज मला विशेष चिंतेचे वाटतात. वरून चार खडे टाकले म्हणजे मासळी बर्फात ठेवली, असा सर्रास समज दिसतो. एक किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आणण्यास गणिताने सुमारे साडेतीनशे ग्रॅम बर्फ पुरतो. परंतु बाहेरची उष्णता सतत आत शिरत असल्यामुळे आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतकाच बर्फ घ्यावा लागतो. चांगले भरलेले खोके जवळून पाहावे. तळाशी बर्फाचा जाड थर, त्यावर पोट साफ करून धुतलेल्या माशांची एकेरी रांग, पुन्हा बर्फ, पुन्हा रांग, आणि शेवटी वरचा थर असा की एकही शेपटी उघडी दिसू नये. खोक्याच्या तळाला भोक असते, कारण वितळलेल्या पाण्याबरोबर रक्त, चिकटा आणि जंतू वाहून जाणे आवश्यक असते. ते पाणी साचू दिले तर खालचे मासे त्यातच भिजत पडतात. बर्फाची लादी फोडून तिचे टोकदार तुकडे वापरण्यापेक्षा बारीक चुरा सरस, कारण तो माशाला सर्व बाजूंनी लगटतो आणि त्याचे अंग टोचत नाही. बर्फ वितळत असतो तोवर तो मासळीला शून्य अंशाच्या आसपास धरून ठेवतो. घरच्या फ्रिजमधील कप्पा मात्र चार-पाच अंशांवर असतो, आणि पाच अंशांवर मासळी शून्य अंशाच्या सव्वादोन पट, तर दहा अंशांवर चौपट वेगाने उतरते. सबब ‘फ्रिजमध्ये ठेवली आहे, रविवारी करू’ ह्या आश्वासनावर बुधवारच्या मासळीने विसंबू नये.

गोठवल्याने जंतू मरतात, ही दुसरी प्रचलित समजूत. उणे अठरा अंशांवर त्यांची वाढ थांबते. मरतात त्यांतले काहीच, आणि गोठवण उतरताच उरलेले पुन्हा कामाला लागतात. काही कृमी मात्र उणे वीस अंशांवर सात दिवस ठेवल्याने मरतात, आणि कच्चा मासा खाणाऱ्या देशांत हा उपाय नियमबद्ध आहे. उलट, गोठवलेली मासळी नेहमीच हलकी, हा समजही तितकाच निराधार होय. जहाजावर लगेच, जलद गोठवलेल्या मासळीत बर्फाचे स्फटिक बारीक पडतात व पेशी शाबूत राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश गोठणाऱ्या मासळीत ते मोठे होतात, पेशी फाटतात आणि वितळताना पाणी सुटून मांस चिवट होते. आठवडाभर समुद्रात फिरून धक्क्यावर आलेल्या ‘ताज्या’ सुरमईपेक्षा अशी गोठवलेली सुरमई कित्येकदा उजवी ठरते. हवाबंद पिशवीतील मासळी वितळवायची झाल्यास पिशवी आधी फोडावी आणि मासळी फ्रिजमध्येच सावकाश वितळवावी, कारण हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या बोट्युलिनम जंतूची एक जात तीन-चार अंशांच्या थंडीतही विष तयार करू शकते.

मासळी टिकवण्यासाठी चोरून वापरल्या जाणाऱ्या फॉर्मालिनविषयी, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणाविषयी, लोकांच्या मनात जे भय आहे ते निराधार नाही. जुलै 2018 मध्ये गोव्यात ह्या प्रश्नावरून केवढा गदारोळ उठला आणि परप्रांतीय मासळीच्या आयातीवर काही काळ बंदी घालावी लागली, हे वाचकांना स्मरत असेल. मासळीत हे द्रव्य मिसळण्यास कायद्याने मुभा नाही. परंतु ‘माशी बसत नाही, म्हणजे फॉर्मालिन आहे’ ही परीक्षा विश्वसनीय नाही, कारण बर्फात पुरलेल्या मासळीवरही माश्या फारशा बसत नाहीत. शिवाय काही समुद्री माशांत साठवणुकीच्या काळात स्वाभाविक विघटनातूनच थोडे फॉर्माल्डिहाइड तयार होते. खात्री करायची असेल तर ती रासायनिक चाचणीनेच. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची सोपी चाचणी तयार केली आहे, आणि प्रत्येक मोठ्या मंडईत ती पालिकेच्या खर्चाने उपलब्ध असावी असे माझे स्पष्ट मत आहे. मुशी आणि पाकट ह्यांना येणारा अमोनियाचा दर्प मात्र भेसळीचा नव्हे. त्यांच्या अंगच्या युरियापासून तो उत्पन्न होतो, आणि तो उग्र असेल तर मासा जुना आहे इतकेच समजावे.

कोळंबीच्या डोक्यावर पडणारा काळेपणा तिच्या अंगच्या विकरांमुळे येतो. तो विषाचे लक्षण नसला तरी हयगयीचा पुरावा आहे. सुके बोंबील वा खारा बांगडा कधीच खराब होत नाही हेही खरे नाही : ओलावा राहिला की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात तो हवाबंद डब्यातच ठेवावा.

कारखान्यातून निघालेल्या मालाची शेवटी प्रयोगशाळेत तपासणी होते, तेव्हा तो निर्धोक असणारच, ही समजूत सुशिक्षितांत अधिक आढळते. 1997 साली युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात रोखली, तेव्हा ह्या समजुतीची किंमत आपल्या निर्यातदारांना मोजावी लागली. हजार खोक्यांतून उचललेले चार नमुने निर्दोष निघाले, तरी उरलेल्यांचा दाखला मिळत नाही. त्याऐवजी उतरवणे, धुणे, सोलणे, गोठवणे ह्या प्रत्येक टप्प्यावर धोका कोठे शिरू शकतो ते आधीच ठरवून तेथील तपमान व वेळ नोंदत राहणे, ही पद्धत त्यानंतर निर्यातीच्या कारखान्यांत सक्तीची झाली. परदेशी ग्राहकासाठी जी दक्षता आपण घेतो, ती आपल्या गावच्या बाजारात येणाऱ्या मासळीच्या वाट्यास अद्याप पुरेशी येत नाही, हा अन्याय आहे आणि तो दूर झाला पाहिजे.

तोवर ग्राहकाच्या हाती एक गोष्ट आहे. जी कोळीण आपला माल बर्फाखाली झाकून ठेवते आणि त्यापायी चार रुपये अधिक मागते, तिच्याशी घासाघीस करू नका. आणि घरी येताना पिशवीत थोडा बर्फ तिच्याकडूनच मागून घ्या.